हॉलिवूडचे एलियन हल्ला करतात, आपले एलियन पाहुणे म्हणून येतात! असं का?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशाच्या आकाशातून जळते तुकडे रांगेने सरकताना दिसले. लोक घरात पळाले नाहीत, त्यांनी मोबाइल काढले! पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडलेली सापडली. ती चिनी रॉकेटची असावी, असं खगोल अभ्यासकांनी सांगितलं.

एलियन हल्ल्याचा सिनेमा नेमका इथूनच सुरू होतो. आकाशात काहीतरी दिसतं आणि सगळे माना वर करून बघत राहतात.

या सगळ्याचं मूळ आहे एच. जी. वेल्स यांची 1898 ची कादंबरी ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. मंगळावरचे लोक प्रगत यंत्रं घेऊन येतात आणि इंग्लंड चिरडतात. ब्रिटिशांनी टास्मानियात जे केलं ते आपल्यावर उलटलं तर, असा वेल्स यांचा विचार होता. म्हणजे भीती होती ती साम्राज्य चालवणाऱ्यांची. आपल्याला ही गोष्ट नवी कुठे होती?

1938 मध्ये ऑर्सन वेल्सने तिचं रेडिओ नाटक केलं. अख्खी अमेरिका रस्त्यावर आली म्हणतात. पण तसं झालं नव्हतं. ऐकणारे थोडे होते आणि वर्तमानपत्रांनी बातमी फुगवली होती. व्हायरल फॉरवर्ड तेव्हाही होतेच की!

प्रेक्षक काय बघतो हे काळ ठरवतो. 1996 च्या ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये व्हाइट हाऊस उडतं, ते दृश्य जाहिरातीत मिरवलं गेलं. सिनेमाने जगभरात 80 कोटी डॉलरच्या वर कमावले. त्यानंतर 11 सप्टेंबर 2001 झालं. 2005 मध्ये स्पीलबर्गने ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ केला, तेव्हा टॉम क्रूझ राखेने माखलेला होता आणि भिंतींवर हरवलेल्यांचे फोटो होते. तिथे टाळ्या कसल्या!

आपल्याकडे ‘ज्युरासिक पार्क’ 1994 मध्ये हिंदीत डब झाला आणि गंगाखेड, परभणीसारख्या गावांतल्या प्रेक्षकालाही हॉलिवूड भाषेच्या अडचणीशिवाय बघता येऊ लागलं. एलियनचे सिनेमे तर बघूनच कळतात. तरी आपण स्वतः बनवले ते ‘कोई मिल गया’ (2003) आणि ‘पीके’ (2014). एक जादू, दुसरा रिमोट हरवलेला पाहुणा. दोघांनाही माणसांपासूनच वाचवावं लागतं.

सगळ्यात आपलासा वाटतो तो मात्र 2012 चा फ्लॉप ‘जोकर’. पगलापूर गावात ना वीज, ना पाणी. सरकारने लक्ष द्यावं म्हणून गावकरी खोटे एलियन उभे करतात. सिनेमा फसला, पण कल्पना फसलेली नव्हती. तालुक्याला खेटे घालून दमलेल्या कोणालाही विचारा!