कम्फर्टचा स्तंभ : 'पडले' आणि 'मारले गेले'

टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहराच्या वायव्येस, साधारण पाऊणशे किलोमीटरवर, कम्फर्ट नावाचे एक लहान गाव आहे. तेथे रस्त्याच्या कडेला चुनखडीच्या दगडाचा एक चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ उभा आहे. आकाराने तो फार मोठा नाही. त्यावर जर्मन भाषेत तीन शब्द कोरले आहेत : 'ट्रॉय डेअर उनिऑन', म्हणजे 'संघराज्याशी निष्ठा'. बाकीच्या बाजूंवर नावे आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाची स्मारके हजारोंनी मोजता येतील. पण फुटून निघालेल्या एका दक्षिणी राज्याच्या भूमीवर, युद्ध संपून जेमतेम वर्ष लोटले असताना, फुटीला विरोध करणाऱ्यांचे स्मारक उभे राहावे ही गोष्ट सामान्य नव्हे.

कम्फर्ट गाव १८५४ मध्ये जर्मन स्थलांतरितांनी वसवले. १८४८ च्या फसलेल्या युरोपीय क्रांतीनंतर देश सोडलेले अनेक सुशिक्षित लोक या टेकड्यांच्या प्रदेशात आले होते. त्यांतले कित्येक स्वतःला मुक्तविचारी म्हणवत. गावात जवळजवळ चार दशके चर्चच नव्हते, यावरून त्यांच्या वृत्तीची कल्पना यावी. १८५४ मध्येच सॅन अँटोनिओत भरलेल्या जर्मनांच्या राजकीय मेळाव्याने गुलामगिरी हे अनिष्ट असल्याचा ठराव केला, आणि शेजारपाजारच्या गोऱ्यांच्या मनात या 'परदेशी' लोकांविषयी जो संशय बसला तो कायमचाच. १८६१ च्या सार्वमतात टेक्ससने तीनास एक अशा मताधिक्याने फुटून निघण्याच्या बाजूने कौल दिला. जवळच्या गिलेस्पी परगण्यातील जर्मनांनी मात्र जवळजवळ एकमुखाने विरोध नोंदवला.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. एप्रिल १८६२ मध्ये कॉन्फेडरेट सरकारने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. टेक्ससमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, आणि टेकड्यांच्या प्रदेशात कॅप्टन जेम्स डफ याची तुकडी बंदोबस्तासाठी आली. धरपकड झाली, घरे जाळली गेली. तेव्हा ऑगस्टच्या आरंभी साठ-पासष्ट जण, बहुतेक जर्मन, सोबत काही इंग्रजीभाषक आणि एक मेक्सिकन, फ्रिट्झ टेगेनर याच्या नेतृत्वाखाली मेक्सिकोकडे निघाले. तेथून समुद्रमार्गे न्यू ऑर्लिन्सला जाऊन संघराज्याच्या सैन्यात सामील व्हावे, असा अनेकांचा बेत होता. त्यांना घाई नव्हती. न्युएसेस नदीच्या काठी त्यांनी उघड्या जागी तळ दिला. पाठलाग होत असेल अशी शंकाही फारशी कोणाला आली नसावी. १० ऑगस्टच्या पहाटेपूर्वी लेफ्टनंट मॅक्रे याच्या नव्वदहून अधिक स्वारांनी हल्ला केला. एकोणीस जण ठार झाले. जे नऊ जखमी हाती लागले, त्यांना काही तासांनी गोळ्या घालण्यात आल्या. निसटलेल्यांपैकी काही पुढे पकडले जाऊन मारले गेले, तर काही १८ ऑक्टोबरला रिओ ग्रांदे ओलांडताना बळी पडले.

ही लढाई की कत्तल, हा वाद आजही चालू आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की हे सशस्त्र लोक होते, शत्रूस मिळायला निघाले होते, त्यांनी प्रतिकार केला आणि समोरचेही मारले. हे खरे आहे. दुसरा पक्ष जखमींकडे बोट दाखवतो. हल्लेखोरांत आर. एच. विल्यम्स नावाचा एक इंग्रजही होता. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यानेच जखमींच्या हत्येचा धिक्कार केला आहे. तेव्हा हेही खरेच.

माझे लक्ष वेधले ते दगडाने. कोरलेल्या नावांचे गट पाडलेले आहेत. काही नावांवर 'गेफालन' असा शब्द आहे. मराठीत त्याला नेमका जोड आहे : 'पडले', ज्या अर्थाने आपण 'पानिपतावर पडले' म्हणतो. दुसऱ्या गटावर मात्र लिहिले आहे की यांना पकडून त्यांचा खून करण्यात आला. हा स्तंभ उभारणारे कोण होते? मेलेल्यांचे बाप, भाऊ, शेजारी. सगळ्यांनाच हुतात्मा ठरवून मोकळे होण्याचा मोह त्यांना झाला असता तर कोणी दोष दिला नसता. पण लढता लढता मरणे आणि बंदी झाल्यावर मारले जाणे, यांतला भेद त्यांनी शोकातही सोडला नाही. 'लढाई की कत्तल' असा एकच पर्याय निवडण्याचा आग्रह नंतरच्या लेखकांचा. दगडावर दोन्ही शब्द आहेत.

त्या शोकाचे स्वरूपही ध्यानात घ्यायला हवे. हल्लेखोरांनी आपले मृत पुरले. या लोकांचे देह उघड्यावर टाकून दिले. तीन वर्षे तेथे जायची सोय नव्हती. १८६५ मध्ये, युद्ध संपल्यावर, नातेवाईक गेले आणि जी हाडे मिळाली ती गोळा करून कम्फर्टला आणली. कोणाची हाडे कोणती हे ओळखणे अशक्यच होते, म्हणून एकत्र पुरली. त्यावर हा स्तंभ १० ऑगस्ट १८६६ रोजी, चौथ्या स्मृतिदिनी उभा राहिला. दक्षिणेतील न्यायालयांसमोरचे कॉन्फेडरेट सैनिकांचे पुतळे पुष्कळसे १९०० च्या आगेमागे, म्हणजे एका पिढीनंतर आले. त्यांच्याखाली बहुधा कोणी पुरलेले नसते.

स्तंभाचे एक मौनही आहे, ते झाकून चालणार नाही. त्यावर संघराज्य आहे, गुलामगिरीचा उल्लेख नाही. मेलेल्यांतला प्रत्येक जण गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता असे मानायला आधार नाही. काहींना फक्त परक्या वाटणाऱ्या सैन्यात जायचे नव्हते. आज त्यांना मुक्तिलढ्याचे वीर म्हणून सरसकट गौरवणारे लेखन वाचताना मला हा दगड अधिक सावध वाटतो.

आणि भाषा. 'खून' हा शब्द हरलेल्या कॉन्फेडरेट शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोरला गेला, पण अशा लिपीवळणात आणि अशा भाषेत की त्यांतल्या बहुतेकांना तो वाचता येऊ नये. ते धैर्य होते की खबरदारी? बहुधा दोन्ही, किंवा दोन्हींपैकी काहीच नाही : आपल्या माणसांविषयी आपल्याच भाषेत लिहिले, इतकेच. पहिल्या महायुद्धानंतर टेक्ससमधील जर्मन बोली ओसरत गेली. आता त्या नावांच्या वंशजांनाही मजकूर समजून घ्यायला इंग्रजी भाषांतर लागते. आडनावे तेवढी त्यांना वाचता येतात.

शेजारी अर्ध्यावर उतरवलेला ध्वज असतो. त्यावर छत्तीस तारे आहेत, १८६६ मध्ये होते तेवढेच. त्या छत्तिसांत टेक्ससचाही एक आहे. राज्य फुटून निघाले होते तेव्हाही संघराज्याने तो ध्वजावरून काढला नव्हता.