रंगमंचावरचा अंधार आणि नृत्याचा पुरावा

नृत्याचा इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत साहित्याच्या इतिहासकाराहून वेगळी असते. त्याच्या हाती संहिता नसते. कवितेचे हस्तलिखित हरवले तरी एखादी प्रत कुठेतरी उरण्याची शक्यता असते. नृत्य मात्र नर्तकाच्या देहाबरोबरच जाते. मागे राहतात ती वर्णने, रेखाटने आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छायाचित्रे. ह्या तिन्हींपैकी छायाचित्रावर आपण सर्वाधिक विश्वास टाकतो. तो कितपत रास्त आहे हे पाहायचे, तर आधी एक साधी भौतिक अडचण लक्षात घ्यावी लागते: रंगमंचावर उजेड कमी असतो, आणि कॅमेऱ्याला तो भरपूर लागतो.

लोई फुलर ह्या अमेरिकन नर्तकीचेच उदाहरण घेऊ. १८९२ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या फोली-बेर्जेर नाट्यगृहात तिने जे नृत्य केले त्याचा अर्धा भाग अंधाराचाच होता. काळोखी रंगमंचावर ती रेशमी वस्त्राचे प्रचंड घोळ काठ्यांच्या आधाराने फिरवी आणि त्यांवर निरनिराळ्या दिशांनी विजेचे रंगीत झोत पडत. मालार्मेने १८९३ मध्ये तिच्यावर लिहिले. तूलूझ-लोत्रेकने त्याच वर्षी तिची शिळाछापे काढली आणि एकाच चित्राची प्रत्येक प्रत वेगळ्या रंगांत रंगवली. म्हणजे, बदलता उजेड हाच ह्या कलेचा विषय आहे, हे कवीला आणि चित्रकाराला समजले होते. आणि छायाचित्रे? १९०० च्या सुमारास सॅम्युअल बेकेटने घेतलेली तिची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. ती उघड्यावर, भर दिवसाच्या उजेडात घेतलेली आहेत. वस्त्राचे घोळ त्यांत स्पष्ट दिसतात, अगदी मोजता येतील इतके. पण ज्या अंधारामुळे त्या घोळांना अर्थ होता तोच नेमका नाही. अशा छायाचित्राला खोटे म्हणता येत नाही. मात्र ते ज्याची साक्ष देते ते नृत्य रंगमंचावर झालेलेच नव्हते. (आपल्याकडे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांची जी छायाचित्रे वारंवार छापली जातात, त्यांतही स्टुडिओतला पडदा आणि निश्चल उभे राहणे ह्यांचाच वाटा मोठा आहे, हे ह्या ओघात आठवते.)

निजिन्स्कीच्या बाबतीत ही अडचण अधिक बोचते. त्याच्या नृत्याची एकही चित्रफीत उपलब्ध नाही. बॅरन अडॉल्फ द मेयरने १९१२ मध्ये घेतलेली 'फॉन'ची छायाचित्रे अप्रतिम आहेत, पण ती प्रयोगात घेतलेली नव्हेत, खास कॅमेऱ्यासाठी उभी केलेली आहेत. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये गाजलेल्या, किंवा उधळल्या गेलेल्या म्हणा, 'वसंताचा विधी' ह्या बॅलेची गोष्ट तर त्याहून बोलकी. निजिन्स्कीची ती नृत्यरचना मोजक्या प्रयोगांनंतर बंद झाली. तिची म्हणून जी छायाचित्रे आहेत त्यांत वेशभूषा केलेले नर्तक छायाचित्रकारापुढे नीट जुळवून उभे केलेले दिसतात. प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहाच्या अंधारात बसून कागदावर पेन्सिल फिरवणारी व्यक्ती होती ती चित्रकार व्हॅलेंटाइन ग्रोस. मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर ह्यांनी ते नृत्य नव्याने उभारले आणि १९८७ मध्ये जॉफ्री बॅलेने ते सादर केले, तेव्हा ग्रोसची ही घाईची रेखाटने आणि निजिन्स्कीची साहाय्यक मारी रँबेर हिने स्वरलिपीवर केलेल्या नोंदी हे मोठे आधार होते. जिथे कॅमेरा हतबल होता तिथे पेन्सिल काम करून गेली. यंत्राची साक्ष निःपक्षपाती, म्हणून श्रेष्ठ, असे मानणाऱ्यांनी ह्यावर थोडे थांबावे असे आम्हांला वाटते.

कॅमेरा प्रेक्षागृहात येऊ शकला तो १९३० नंतर. पस्तीस मिलिमीटर फिल्मचे लहान कॅमेरे आणि मोठ्या छिद्राची भिंगे मिळू लागली होती. तरीही फिल्म आजच्या मानाने फार मंद होती, आणि रंगमंचावरच्या उजेडात शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागे. ह्याचा अर्थ हिशेबाने पाहू. नर्तकाचा हात सेकंदाला तीन मीटर वेगाने जात असेल आणि शटर सेकंदाचा दहावा भाग उघडे असेल, तर तेवढ्यात हात तीस सेंटिमीटर सरकतो. कागदावर हात उमटत नाही, त्याचा मार्ग उमटतो. फ्लॅश वापरला तर हात मिळतो. पण प्रकाशयोजना पुसली जाते, शिवाय नर्तकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळीच.

अलेक्सी ब्रोडोविच ह्याने ह्या अडचणीलाच पद्धत करून टाकले. रशियातून परागंदा झालेला हा तरुण पॅरिसमध्ये असताना द्यागिलेवच्या बॅले-रूसचे पडदे रंगवत असे. पुढे अमेरिकेत 'हार्पर्स बझार' ह्या मासिकाचा तो कलासंपादक झाला. १९३५ ते १९३७ ह्या काळात द्यागिलेवची परंपरा सांगणारी रशियन बॅलेमंडळे न्यूयॉर्कला येत, तेव्हा विंगेतून आणि प्रेक्षागृहातून, फ्लॅशविना, काँटॅक्स कॅमेऱ्याने त्याने ती टिपली. त्यांतील १०४ छायाचित्रांचे 'बॅले' हे पुस्तक १९४५ मध्ये निघाले. प्रती जेमतेम पाचशे. चेहरे पुसट, दिव्यांच्या भोवती प्रकाश सांडलेला, दाणे वाळूसारखे उठलेले. चित्रे पानाच्या कडेपर्यंत जातात आणि समोरच्या पानाला भिडतात, त्यामुळे पाने उलटणे हीच एक गती होते.

पुस्तकाचा मजकूर एडविन डेन्बी ह्या कवी-समीक्षकाचा आहे, आणि हा योगायोग आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४३ मध्ये, डेन्बीने निजिन्स्कीच्या छायाचित्रांवर एक निबंध लिहिला होता. स्थिर चित्रांतली मान, खांदे, देहाचा तोल बारकाईने वाचून त्यांतून गतीचा अंदाज बांधणे हा त्या निबंधाचा खटाटोप. कवितेच्या एका ओळीवरून हरवलेल्या कवीचा आवाज ओळखू पाहावा तसा. आता त्याच्यापुढे नेमका उलटा पुरावा होता: गती भरपूर, देहाचा तपशील जवळजवळ नाही.

ब्रोडोविचच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. ही धूसरता केवळ अंधाराची देणगी नव्हती. निगेटिव्हचे भाग रसायनाने फिके करणे, चौकटीचा एखादाच तुकडा वाढवून छापणे, असे बरेच काही डार्करूममध्ये झाले आहे. तेव्हा 'जसे दिसले तसे' हा दावा इथेही टिकत नाही. त्याच सुमारास बार्बरा मॉर्गन मार्था ग्रॅहमची छायाचित्रे घेत होती. तिने प्रयोगाचा अंधार नाकारला, ग्रॅहमला स्टुडिओत आणले, कोणता क्षण हवा हे आधी ठरवले आणि त्यासाठी दिवे स्वतः लावले. एमिली डिकिन्सनवर आधारलेल्या 'लेटर टु द वर्ल्ड' ह्या नृत्यातील १९४० ची तिची प्रतिमा जगभर पोचली. त्या एका चित्रात झुकलेला देह आणि उसळलेला घागरा ह्यांचा प्रत्येक कोन वाचता येतो. मॉर्गनकडे पदन्यासाची साक्ष आहे, ब्रोडोविचकडे तिकीट काढून बसलेल्या माणसाची. दोघांनाही एकाच कसोटीवर घासून 'खरे कोण' असे विचारणाऱ्या समीक्षेने नृत्याच्या इतिहासाची सोय केली असेल, सेवा केलेली नाही.

ब्रोडोविचच्या निगेटिव्ह पुढे घराला लागलेल्या आगीत गेल्या. राहिले ते पुस्तक, आणि २०११ मध्ये निघालेली त्याची अभ्यासावृत्ती. त्यातील अकरा बॅलेंपैकी 'ले नोस' हा ब्रॉनिस्लावा निजिन्स्काचा १९२३ चा बॅले सुदैवाने जिवंत आहे. तिने स्वतः १९६६ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेकडून तो बसवून घेतला होता. त्यामुळे ह्या ठिकाणी पुस्तकाचे पान आणि चालता प्रयोग शेजारी ठेवून पाहण्याची सोय आहे. पानावरून एकही पाऊल शिकता येत नाही. पण नववधूच्या मैत्रिणींचा तो घोळका एकच प्राणी असल्यासारखा का भासतो, हे प्रयोगाच्या स्वच्छ चित्रफितीपेक्षा त्या काळ्या-करड्या डागांत आम्हांला अधिक उमगले.