'चूल': एका शब्दाचे अर्थसंक्रमण

शब्दाची व्युत्पत्ती सापडली की त्याचा 'खरा' अर्थ हाती आला, असा एक समज आपल्या समीक्षेत खोल रुजलेला आहे. 'चूल' या शब्दाचा इतिहास हा समज तपासून पाहण्यास उपयुक्त ठरतो.

संस्कृतातील 'चुल्ली'पासून मराठी 'चूल' आला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थानांत, म्हणजे पंचसूनांत, चुल्लीची गणना पहिली आहे. खुद्द 'चुल्ली' हा शब्द द्राविड मूलस्रोतातून आला असावा असे अभ्यासकांनी सुचविले असून, त्यासाठी कुंभाराच्या भट्टीचा वाचक असलेला तमिळ 'चूळै' पुढे केला जातो. म्हणजे 'मूळ' म्हणून जेथे थांबावे, तेथेही शब्द आधीच प्रवास करून आलेला असतो.

'चुलता' या शब्दाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. ज्याची चूल वेगळी तो चुलता, ही उपपत्ती सहज सुचते आणि समाजरचनेशी जुळतेही. परंतु ती ग्राह्य नाही. 'चुलता' हा 'क्षुल्लतात' म्हणजे धाकटा बाप यापासून आला असून, पालीतील 'चूळपिता' त्याला पुष्टी देतो. संस्कृतातील स्वरमध्यस्थ एकेरी लकाराचा मराठीत सामान्यतः 'ळ' होतो, तर 'ल्ल'चा 'ल' होतो. 'चुल्ली' आणि 'क्षुल्ल' या दोन्ही शब्दांत 'ल्ल' असल्यामुळे त्यांचे मराठी अवशेष एकमेकांजवळ आले. तरीही भाषकाच्या मनात हे शब्द आज एकमेकांशी बोलतात. व्युत्पत्ती त्यांना विलग करते. एककालिक अर्थव्यवस्था त्यांना एकत्र आणू शकते.

अर्थसंक्रमणाचा मुख्य टप्पा लक्षणेचा आहे. 'वेगळी चूल मांडणे' या प्रयोगात चूल म्हणजे कुटुंब. ही लक्षणा केवळ भाषिक नाही: भारतीय जनगणनाही सामाईक स्वयंपाकघराच्या आधारेच कुटुंब ठरविते. उलट हिंदू कायद्यात केवळ चूल वेगळी झाल्याने वाटणी सिद्ध होत नाही. गावकीतील 'चूलबंद आवतण' घरातील प्रत्येक माणसाला एकाच शब्दात सामावून घेते, आणि 'चूल पेटली नाही' या सात अक्षरी वाक्यात उपासमारीचा सगळा वृत्तान्त येतो. पक्षातून फुटलेला गट 'वेगळी चूल मांडतो' असे वृत्तपत्रे लिहितात, तेव्हा मम्मटाने सांगितलेले प्रयोजन लोपून केवळ रूढी उरलेली असते.

येथे क्रियापदांकडे लक्ष द्यावयास हवे. कुटुंब, वाटणी, सत्ता यांविषयी बोलताना चूल 'मांडली' जाते, आणि त्या वाक्याचा कर्ता बहुधा पुरुष असतो. श्रमाविषयी बोलताना ती 'सारवली', 'पेटवली', 'फुंकली' जाते, आणि तेथे कर्त्री स्त्री असते. एकाच नामाभोवती दोन क्रियापदसमूह उभे आहेत, व त्यांच्यामधील अंतर हाच या शब्दाचा सामाजिक इतिहास होय. 'चूल आणि मूल' या जोडशब्दाने हे अंतर दोषारोपाच्या स्वरात उघड केले.

2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून शहरी घरांत 'गॅस' हाच शब्द चुलीच्या जागी बसला होता. वस्तू मागे हटली तशी 'चुलीवरची भाकरी' महामार्गांवरील पाट्यांवर अवतरली. येथे लक्षणेला नवे प्रयोजन लाभले आहे: चूल आता अस्सलपणाची खूण आहे, आणि ती खूण विकत मिळते. या अर्थातून धूर मात्र गाळलेला आहे.

ग्रामीण साहित्याची समीक्षा करताना चुलीला 'घराच्या उबेचे प्रतीक' म्हणून मोकळे होण्याची सवय म्हणूनच तपासली पाहिजे. ते प्रतीक कोणत्या क्रियापदासह आले आहे, हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. शब्दाचा इतिहास आपल्याला मूळ अर्थ परत देत नाही. कोणता अर्थ कोणी, कोणाच्या श्रमांवर उभा केला, एवढे मात्र तो दाखवू शकतो.