पितळेच्या पातेल्यातलं दूध आणि तान्ह्या मुलांचं लिव्हर

मागच्या वर्षी राळेगणसिद्धीत फॅटी लिव्हरवर बोलायला गेलो होतो. भाषण संपल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी थांबल्या. नातवाने दिलेली तांब्याची बाटली दाखवून म्हणाल्या, "हे पाणी लिव्हरला चांगलं असतं म्हणतात, खरं का डॉक्टर?" मी उत्तर द्यायला लागलो, तेवढ्यात त्यांनी मनातला खरा प्रश्न काढला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी त्यांचा दीड वर्षाचा मुलगा गेला. पोट फुगलं, कडक झालं, मग कावीळ झाली. डॉक्टरांनी "लिव्हर गेलंय" एवढंच सांगितलं. तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि त्यांचे मालकही प्यायचे. लोक म्हणाले, बापाच्या दारूने पोराचं लिव्हर खाल्लं. "पुढं गावातली दारू बंद झाली, यांनीही सोडली. पण तो बोल त्यांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतला. खरंच तसं होतं का हो?"

नाही. दारू पिणाऱ्याचं स्वतःचं लिव्हर बिघडवते. बाप पितो म्हणून तान्ह्या मुलाचं लिव्हर असं कडक होत नाही. मी आजींना दोनच प्रश्न विचारले. अंगावरचं दूध किती दिवस पाजलं? "तीन महिने. मग मला ताप आला, दूध आटलं. म्हशीचं सुरू केलं." ते कशात तापवायचात? "पितळेच्या पातेल्यात. दुसरं काय होतं घरात?"

हेच दोन प्रश्न पुण्यातल्या डॉक्टरांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शेकडो आयांना विचारले होते. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

नाव भारताचं, कारण कोणालाच माहीत नाही

या आजाराला पुस्तकात 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस' म्हणतात. सिरॉसिस म्हणजे लिव्हर आतून चट्टे पडून निबर होणं. १८८७ मध्ये कोलकात्याच्या डॉ. सेन यांनी लहान मुलांतल्या या आजाराचं वर्णन केलं. साधारण सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, आधी चिडचिड आणि मंद ताप, मग वाढलेलं कडक लिव्हर, पोटात पाणी, कावीळ. एकदा कावीळ झाली की बहुतेक मुलं काही महिन्यांत जात. एकाच घरात दोन-तीन भावंडं गेल्याच्याही नोंदी आहेत. अशा घरांना शाप लागला असं लोक म्हणत, आणि डॉक्टर "आनुवंशिक असावं" म्हणत. विषाणू, कुपोषण, धान्यावरच्या बुरशीचं विष अशा अनेक शंका तपासल्या गेल्या. खात्रीचं काही हाती लागेना.

लिव्हरमध्ये सापडलेलं तांबं

१९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर त्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित होते. आजारी मुलांच्या लिव्हरच्या तुकड्यांत त्यांना प्रचंड तांबं सापडलं. निरोगी लिव्हरच्या एका ग्रॅम सुक्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते अनेकदा १००० च्याही वर होतं.

पण हे तांबं आलं कुठून? उत्तर प्रयोगशाळेत नव्हतं, चुलीपाशी होतं. केईएमच्या डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि डॉ. टॅनर यांनी आजारी आणि निरोगी मुलांच्या घरचा आहार बारकाईने विचारला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं वा ठेवलेलं असे. १९८३ मध्ये हा संबंध 'लॅन्सेट'मध्ये मांडला गेला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अशा भांड्यात पाणी ठेवलं तर त्यात तांबं थोडंच उतरतं. दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र तांबं धरून ठेवतं, त्यामुळे दूध भांड्यातून तांबं ओढून घेतं. भांड्याला कल्हई असेल तर कथलाचा थर मध्ये येतो. कल्हई उडाली की दूध थेट पितळेला लागतं. जादा तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं, पण तान्ह्या बाळाचं लिव्हर या कामात कच्चं असतं. त्यामुळे त्याच पातेल्यातलं दूध पिऊन मोठ्यांना काही होत नसे आणि बाळ आजारी पडे. आईच्या दुधात तांबं फारच थोडं असतं.

उपाय आणि शंका

शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध याच गटाने वापरून पाहिलं. आजार फार पुढे जाण्याआधी औषध मिळालेली काही मुलं वाचली आणि मोठी झाली. पण खरा फरक पडला तो पितळेचं भांडं बाजूला ठेवल्याने. घराघरांत स्टील आलं होतंच, त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याची भर पडली. मी १९९० च्या सुमारास शिकत असताना परीक्षेत हा आजार हमखास विचारत, पण वॉर्डात तो क्वचितच दिसे. आजच्या तरुण डॉक्टरांनी तो बहुधा पाहिलेलाही नसतो.

हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं असं नाही. काही अभ्यासांत पितळेशी संबंध तेवढा ठळक दिसला नाही, आणि पितळेतलं दूध पिणारी सगळीच मुलं आजारी पडत नव्हती. काही मुलांची आनुवंशिक घडण तांबं सोसू न शकणारी असावी. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही असंच घडलं होतं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच आजाराने गेली. तिथेही बाळांचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तयार होत असे, आणि ती भांडी गेल्यावर आजारही गेला.

हे सगळं ऐकून आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच पाजलं की." मी म्हणालो, "आजी, पन्नास वर्षांनी तुमच्या बाळाला हेच झालं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण लक्षणं जुळतात. आणि तेव्हा हे डॉक्टरांनाच माहीत नव्हतं, तर तुम्हाला कुठून असणार? दोष त्यांचा नव्हता आणि तुमचाही नाही."

तुमच्यासाठी एवढंच:

• पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. वरचं काही नाही, पाणीही नाही.

• बाळाचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नका, ठेवू नका. स्टील वापरा.

• तांब्याच्या बाटलीत फक्त साधं पाणी ठेवा. ताक, दूध, लिंबू सरबत नको. निरोगी माणसाला त्यातल्या पाण्याने अपाय होत नाही, पण लिव्हरचं औषध म्हणून ते पिऊ नका.

• मुलाचं पोट फुगत असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

• कोणाला लिव्हरचा आजार झाला की "दारूच असणार" असं आधीच ठरवू नका. एका घराने तो बोल पन्नास वर्षं सोसला.