रत्नागिरी : येणारे आणि जाणारे

मागें सह्याद्रीचा कडा आणि पुढें अरबी समुद्र, अशा चिंचोळ्या पट्टींत रत्नागिरी वसली आहे. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापाशीं उभें राहिलें म्हणजे तिन्ही अंगांस पाणी दिसतें. किनाऱ्यालगतच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर हापूस पिकतो. भाताला मात्र जमीन थोडी. पूर्वीं पावसाळा लागला कीं आगबोटी थांबत, आणि घाट ओलांडण्यावांचून दुसरा मार्ग उरत नसे. या दुर्गमतेनेंच शहराचा इतिहास घडविला. सरकारला जे दूर ठेवावयाचे होते ते येथें आले. ज्यांना पोट भरावयाचें होतें ते येथून गेले.

१८२२ सालीं इंग्रजांनीं दक्षिण कोंकणचें मुख्य ठाणें बाणकोटाहून येथें हलविलें. १८८५ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं मंडाले जिंकलें आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला पदच्युत केलें. पुढील वर्षीं मद्रासमार्गें त्याला राणीसह रत्नागिरीस आणण्यांत आलें. त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा १९१० सालीं पुरा झाला. पण स्वदेश त्याला पुन्हां दिसला नाहीं. १९१६ सालीं तो येथेंच वारला.

दैवयोग असा कीं, याच गांवीं १८५६ सालीं जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळांत मंडालेच्या तुरुंगांत होते. मंडालेचा राजा रत्नागिरींत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेंत! बंदिवासाची ही अदलाबदल ज्या सत्तेनें केली, तिला दोन्ही गांवें सारखींच दूरचीं होतीं.

१९२४ सालीं स्वातंत्र्यवीर सावरकर येथें स्थानबद्ध झाले आणि १९३७ पर्यंत राहिले. राजकारणाची बंदी असल्यानें त्यांनीं अस्पृश्यतानिवारणाचें कार्य हातीं घेतलें. १९३१ सालीं सर्व जातींना खुलें असें पतितपावन मंदिर उभें राहिलें. त्यासाठीं द्रव्य दिलें भागोजीशेठ कीर यांनीं. ते रत्नागिरीच्याच एका गरीब घरांतले. मुंबईस जाऊन बांधकामाच्या व्यवसायांत त्यांनीं पैसा मिळविला होता. सक्तीनें आलेला एक आणि पोटासाठीं गेलेला दुसरा, या दोघांच्या मेळानें तें मंदिर झालें.

पण कीरांसारखें भाग्य थोड्यांचेंच. मुंबईच्या गिरण्यांना या जिल्ह्यानें हजारों हात पुरविले, आणि गांवाकडे कित्येक चुली मनिऑर्डरीवर पेटत राहिल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली. प्रवास सोपा झाला. जाणें मात्र थांबलें नाहीं.

थिबाची समाधि अद्याप रत्नागिरींतच आहे. २०१२ सालीं म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनास येऊन गेले. गणपतीच्या दिवसांत मुंबईचे चाकरमाने परततात, बंद घरांचीं कुलुपें निघतात, ओटीवर दिवा लागतो. ज्याला परतणें लाभलें नाहीं त्या राजाच्या शेजारीं, परतण्यासाठींच वर्षभर खपणाऱ्यांचें हें गांव आहे.