पोटाची बायपास झालीय? अंगदुखीची गोळी घेण्याआधी हे वाचा

बीड : बायपास म्हटलं की आपल्याकडे हृदयच आठवतं. पण वजन आणि साखर आटोक्यात आणण्यासाठी पोटाचीही बायपास होते. पुण्या-मुंबईला जाऊन ही शस्त्रक्रिया करून आलेल्यांनी गावी परतल्यावर एका गोष्टीला जपायला हवं, ती म्हणजे जोडावरचा अल्सर.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून तिला थेट लहान आतडं जोडतात. जठराचं अस्तर आम्ल सोसतं, आतड्याचं तेवढं सोसत नाही. त्यामुळे जोडापाशी जखम होऊ शकते.

सगळ्यात मोठी चूक होते ती दुखण्याच्या गोळीची. ऊसतोडीत कंबर धरली की दुकानातून सुटी गोळी आणायची, ही जिल्ह्यातली जुनी सवय. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या बायपासवाल्यांनी टाळाव्यात. इंजेक्शन घेतलं म्हणून धोका टळत नाही, कारण हे औषध रक्तातून पोटाचं संरक्षण कमी करतं. सहसा पॅरासिटामॉल चालते, पण नुसती; अनेक गोळ्यांत तिच्यासोबत डायक्लोफिनॅक मिसळलेलं असतं. पाकिटावरचं नाव मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरं कारण विडी-सिगारेट. ‘दिवसाला दोनच’ हा हिशेब इथे चालत नाही, पूर्ण सोडावी लागते. तंबाखू, गुटखा, मिसरीही सोडलेली बरी.

शस्त्रक्रियेनंतर आम्ल कमी करणारी गोळी (ओमेप्राझोल, पँटोप्राझोल) साधारण तीन ते सहा महिने देतात. बरं वाटलं म्हणून ती मध्येच सोडू नये. अल्सरचा दोष ठेच्याला देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण एच. पायलोरी नावाचा जंतूही त्याला कारण ठरतो. हे शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. या जंतूची तपासणी शस्त्रक्रियेआधीच करून घ्यावी.

वरच्या पोटात जळजळ, जेवल्यावर दुखणं, मळमळ सुरू झाली तर दुर्बिणीची तपासणी लागते. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक असह्य पोटदुखी झाली तर १०८ ला फोन करा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो की तालुक्याचा दवाखाना, ‘पोटाची बायपास झालीय’ हे आधी सांगा. शस्त्रक्रियेच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवरही पाठवून द्या.