हारातल्या लिलीची वंशावळ

दसऱ्याच्या हारात झेंडूसोबत ओवलेली लांबट पांढरी कळी स्पायडर लिलीची असते. फुलबाजारात तिला नुसतेच ‘लिली’ म्हणतात. झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही मेक्सिकोचा आणि ही लिली अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरची. आपल्या पारंपरिक हाराचे गोत्र बरेचसे समुद्रापलीकडचे आहे!

तिची कागदोपत्री वंशावळ १७५३ पासून लागते. त्या वर्षी लिनियसने कॅरिबियन बेटांवरच्या तिच्या बहिणीला ‘पॅन्क्रेशियम कॅरिबियम’ म्हटले. ऑस्ट्रियातल्या शॉनब्रुनच्या शाही बागेसाठी झाडे गोळा करायला पवित्र रोमन सम्राटाने निकोलाउस जॅकिनला तिकडे धाडले होते. त्याने १७६३ मध्ये किनाऱ्यावरची ही जात ‘पॅन्क्रेशियम लिटोराले’ या नावाने नोंदवली. पुढे १८१२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरीने या अमेरिकी मंडळींचे ‘हायमेनोकॅलिस’ हे वेगळे घर थाटले. खरी लिली ती कधीच नव्हती. कूळ आपल्या सुदर्शन-नागदवण्याचे.

हे नाते माणसांआधी इथल्या अळीला कळले असावे. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली ही अळी नागदवण्याची पाने खाते, तशीच पावसाळ्यात या परदेशी पाहुणीचीही फस्त करते. दिसताच वेचून टाकलेली बरी.

ही लिली ओळखायची कशी? सहा अरुंद, लोंबत्या पाकळ्या आणि मधोमध पातळ पांढरा पेला. पुंकेसर त्या पेल्याच्या काठावरून निघतात. नागदवण्याला असा पेला नसतो. पाकळ्यांचा तळ पेल्याला चिकटलेला असेल आणि पाने पट्ट्यासारखी, देठाविना असतील, तर ती हारातली हायमेनोकॅलिस लिटोरालिस. फूल उमलते संध्याकाळी, म्हणून हारासाठी कळीच खुडतात.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी, काळ्या जमिनीत, चार दिवस पाणी साचले की कित्येक कंदफुले कुजतात. किनाऱ्यावरच्या ओलीत वाढलेली ही मात्र तग धरते. उन्हाळ्यात तिला पाणी तोडू नये. पावसाच्या तोंडावर मोठ्या कांद्याची पिल्ले सुटी करून लावली की काम झाले. बियांच्या नादी कोणी लागत नाही.

कांदा मात्र विषारी. पोटात गेला तर उलट्या होतात, तेव्हा लेकरे आणि गुरे लांब ठेवावीत. याच जातीच्या हवाई बेटावरून आणलेल्या कांद्यांतून जॉर्ज पेटिट यांच्या चमूने १९८४ मध्ये पॅन्क्रेटिस्टॅटिन हे कर्करोगाच्या पेशींना रोखणारे द्रव्य वेगळे केले. त्यावरून घरगुती औषध करायला जाणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पॅन्क्रेशियमचे घर आपल्याकडेही आहे. डॅल्झेलने १८५० मध्ये वर्णन केलेली पॅन्क्रेशियम पार्वम ही इवलीशी पांढरी जात पश्चिम घाटात पहिल्या पावसांत फुलते. ती दिसली तर डोळे भरून पाहा, पण कांदा उपटू नका. बागेसाठी रोपवाटिकेतली अमेरिकन बहीण पुष्कळ आहे.